विष आणि विषया : शिफारसपत्रांच्या न्यायाविषयी

जैमिनी अश्वमेधातील चंद्रहासाची कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. प्रधान चंद्रहासाच्या हाती आपल्या मुलासाठी एक पत्र देतो. पत्र आणणाऱ्यास विष द्यावे, एवढाच त्यातील मजकूर. चंद्रहास ते पत्र इमानाने घेऊन निघतो आणि वाटेत एका बागेत झोपी जातो. प्रधानाची कन्या विषया ते पत्र वाचते, काजळाने एक अक्षर वाढवते आणि ‘विष’चे ‘विषया’ होते. मरणाऐवजी नायकास वधू मिळते. या अक्षरचमत्काराचे आपण कौतुक करतो. मात्र त्यामागील मूळ परिस्थितीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याच्या प्राणांचा निर्णय पत्रात झालेला आहे, तोच ते पत्र वाहून नेत आहे, आणि आत काय लिहिले आहे हे केवळ त्यालाच ठाऊक नाही.

नोकरी मागणाऱ्याची परिस्थिती याहून फारशी निराळी नसते. ब्रिटिश अमदानीत साहेबाची बदली झाली की खानसामा त्याच्याकडून ‘चिठ्ठी’ घेई आणि ती पुढच्या साहेबास दाखवी. हा शब्द इंग्रजीत इतका रुळला, की १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नोकरास दिलेले प्रमाणपत्र हा त्याचा एक अर्थ नोंदलेला आहे. इंग्रजी न वाचता येणारा नोकर स्वतःचीच निंदा असलेली चिठ्ठी अभिमानाने पुढे करीत असे, असे किस्से त्या काळापासून विनोद म्हणून सांगितले जात आले आहेत. तो विनोद कोणाच्या जिवावर होता, हे निराळे सांगावयास नको.

आज आपल्याला इंग्रजी वाचता येते. तरीही प्रश्न सुटलेला नाही, असे आम्हांस वाटते. आणि त्याचा दाखला दूर जाऊन शोधण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवारांची प्राथमिक छाननी करताना अध्यापनाच्या प्रत्येक वर्षास २ आणि कमाल १० गुण ठेवले गेले. वर्षाहून कमी काळ असेल तर त्या प्रमाणात कमी. म्हणजे प्राचार्यांच्या सहीचा, जावक क्रमांक घातलेला एक कागद मुलाखतीच्या दारापर्यंत नेऊ शकतो किंवा बाहेर ठेवू शकतो.

आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापिकेने एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर चार वर्षे मराठी शिकविले. अन्यत्र जाहिरात निघाली तेव्हा तिने अनुभव प्रमाणपत्र मागितले. ‘उत्तरपत्रिका तपासून होऊ द्या’, ‘सर बाहेरगावी आहेत’, ‘लेटरहेड संपले आहे’ अशा पायऱ्या चढून अखेर कागद हाती आला. त्यात तिचे कौतुक होते, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा होत्या. पण ‘अमुक दिनांकापासून अमुक दिनांकापर्यंत’ या शब्दांच्या जागी ‘वेळोवेळी’ असा एकच शब्द होता. वाक्य खोटे नव्हते. तासिका वेळोवेळीच होत असतात. परंतु तारखाच नसल्यामुळे त्या अनुभवाचे गुण मोजणार कसे? बदल मागितल्यावर उत्तर मिळाले, ‘मॅडम, आम्ही चांगलेच लिहिले आहे.’

साहित्याच्या अभ्यासकांनी या उत्तराकडे कुतूहलाने पाहावे. वाच्यार्थ आणि ध्वनी यांतील अंतर आपण आनंदवर्धनापासून शिकत आलो आहोत. काव्यात हे अंतर रसिकाला आनंद देते. प्रमाणपत्रात मात्र ते एकाला कळावे आणि दुसऱ्याला कळू नये अशा बेताने योजता येते. जर्मनीत याची जवळजवळ एक परिभाषाच तयार झाली आहे. तेथे नोकरी सोडणाऱ्यास लेखी प्रमाणपत्र मिळणे हा कायदेशीर हक्क आहे, आणि ते सत्य असावे, तसेच कर्मचाऱ्याच्या पुढील वाटचालीस विनाकारण अडथळा आणणारे नसावे, असे न्यायालये मानत आली आहेत. त्यावर मालकांनी उपाय शोधला. ‘सदैव आमच्या परिपूर्ण समाधानास उतरेल असे काम केले’ म्हणजे उत्तम. त्यातील एकेक विशेषण गळू लागले की श्रेणी उतरू लागते. आणि ‘त्यांनी प्रयत्न केले’ म्हणजे काम जमले नाही. वरून स्तुती, आतून निकाल. शब्दांतून दिसतो त्याहून वेगळा अर्थ पोचविण्याच्या हेतूने रचना करू नये, असे तेथील व्यवसाय-संहितेच्या १०९व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. तरी ही श्रेणी इतकी सर्वमान्य झाली आहे, की केवळ ‘पूर्ण समाधान’ या शब्दांचे मोल मध्यम दर्जाचे ठरते हे २०१४ साली तेथील सर्वोच्च श्रम-न्यायालयाने गृहीत धरले.

इंग्लंडात प्रश्न निराळ्या वाटेने आला. ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युअरन्स’ या खटल्यात विमा विकणाऱ्या एका माणसाविषयी त्याच्या आधीच्या कंपनीने इतके प्रतिकूल पत्र दिले होते, की त्याला त्या व्यवसायात काम मिळणे अशक्य झाले. लिहिणाऱ्यांच्या मनात द्वेष सिद्ध झाला नाही, म्हणून द्वेषमूलक असत्यकथनाचा दावा टिकला नाही. परंतु १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी असा निर्णय दिला, की पत्र लिहिताना वाजवी काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आम्हांस हा निर्णय महत्त्वाचा वाटतो, कारण अन्यायासाठी दुष्ट हेतू लागतोच असे नाही, निष्काळजीपणाही पुरेसा असतो, हे त्याने मान्य केले.

आपल्याकडे काय आहे? १९४६च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्रीय नमुना आदेशांत कायम कामगारास सेवा संपताना सेवा-प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क नोंदलेला होता. बडतर्फ झालेल्यासही तो होता. मात्र शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शाळाशिक्षिकेच्या खटल्यात ठरविले. गिरणीतल्या माणसाला जे मागता येत होते, ते वर्गात शिकविणारा माणूस या मार्गाने मागू शकत नव्हता. त्याच्या वाट्याला विनंती आली. हक्काची वस्तू मेहेरबानी म्हणून मिळू लागली, की ती देणारा तिची किंमतही ठरवू लागतो.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. पत्र उघड झाले तर खरे कोण लिहील? पुढच्या संस्थेलाही, आणि तिच्या विद्यार्थ्यांनाही, येणाऱ्या माणसाविषयी जाणून घेण्याचा अधिकार आहेच. कायदाही सद्हेतूने केलेल्या मतप्रदर्शनाला संरक्षण देतो. जुन्या दंड संहितेच्या ४९९व्या कलमात जे अपवाद होते, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमातही आहेत. शिवाय इंग्लंडातील अनेक मालक आता धोका नको म्हणून केवळ पद आणि तारखा कळवितात. म्हणजे काळजीचा शेवट मौनात झाला, असेही कोणी म्हणेल.

या आक्षेपात तथ्य आहे. परंतु गुप्ततेने सत्य वाढते, हे आम्हांस पटत नाही. बंद पाकिटातील पत्रेही ‘अत्यंत मेहनती’, ‘मनमिळाऊ’, ‘असामान्य’ याच विशेषणांनी फुगलेली असतात. विशेषणे सर्वांनाच मिळाली, की निवड करणारा पत्राखालची सही पाहू लागतो. मग मोठ्या विद्यापीठातील नामवंतांचा विद्यार्थी पुढे जातो आणि तालुक्याच्या गावी शिकलेला, कोणाचाच नसलेला विद्यार्थी मागे राहतो. खोट्या निंदेइतकाच खोट्या स्तुतीचाही कोणाला तरी फटका बसतो. फक्त ज्याला बसतो, तो त्या पत्रात कोठेच नसतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. सेवेचा काळ, पद, शिकविलेले विषय आणि तासिका यांचे प्रमाणपत्र वेगळे असावे, ते ठरावीक दिवसांत आणि न मागता मिळावे, आणि त्यात विशेषण नसावे. मत द्यावयाचे असेल तर ते दुसऱ्या कागदावर, आधारासह द्यावे; प्रतिकूल असेल तर संबंधितास आधी दाखवावे आणि त्याचे उत्तर सोबत जोडावे. ज्याला हे करवत नाही, त्याने शिफारस नाकारावी. नकारात निदान फसवणूक नाही.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळलेले नाही. वर्षानुवर्षे आम्हीही विद्यार्थ्यांसाठी अशी पत्रे लिहिली. घाईत मागील वर्षीच्या पत्रातील नाव बदलून नवे केले. ‘प्रयत्नशील’ हा शब्द कोणासाठी योजायचा, हे आम्हांलाही ठाऊक होते. त्या शब्दाने कोणाचे काय झाले, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. आता पत्र धाडण्यापूर्वी ते विद्यार्थ्याच्या हाती देऊन वाचावयास सांगतो. पहिल्या वेळी संकोच वाटला, आणि तो वाटला म्हणूनच दोन वाक्ये बदलावी लागली.

असो. त्या प्राध्यापिकेच्या प्रमाणपत्रावर अजूनही ‘वेळोवेळी’ हाच शब्द आहे. काजळ घेऊन विषया प्रत्येकाच्या वाटेवर भेटत नाही. तेव्हा पत्र लिहिणाऱ्यानेच अक्षर जपून लिहावे, हे बरे.