राख, रिठा आणि रंगीत बाटल्या



गव्हाणीत मोळी पडायची वेळ आणि दिवाळीची सफाई दरसाल बरोबरच येतात. धनज, कामरगाव भागात ह्या दिवसांत घरोघरी जळमटे निघतात, माळ्यावरची भांडी खाली येतात. त्याबरोबर बाजारातून रंगीत बाटल्याही घरात येतात. फरशीची वेगळी, संडासाची वेगळी, भांड्यांची वेगळी. काहींवर तर चिठ्ठीसुद्धा नसते. सुटे ॲसिड सरबताच्या जुन्या बाटलीत भरून मिळते. ह्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहावेत असे आम्हास वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: रोजची सफाई घरातल्या वस्तूंनी होते. विषारी वस्तू लागेल तेव्हाच आणावी, आणि आणली तर विष म्हणूनच ठेवावी.

ही काही नवी शिकवण नव्हे. गाडगेबाबांचे (जन्म १८७६) शेंडगाव शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले. परीट समाजात जन्मलेल्या ह्या माणसाने दिवसा हाती खराटा धरून गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. त्यांच्याच नावाने राज्य शासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. बाबांच्या खराट्याला ना वास होता, ना फेस. हल्ली मात्र वास सुटल्याशिवाय घर साफ झाल्यासारखे वाटतच नाही!

आता वस्तूंचे पाहू. पऱ्हाटी-तुराटीची राख भांड्याचे तेलकट काढते, कारण राखेत खार असतो आणि तेलाशी मिळून त्याचा साबणच होतो. रिठ्याचा फेस लोकरी-रेशमी कपड्यांना मानवतो. तांब्या-पितळेचा काळपटपणा चिंच-लिंबाने जातो. गाद्या-गोधड्यांना कडक ऊन द्यावे. त्याला पैसा पडत नाही. ज्यांच्याकडे गॅस आला आणि चूल गेली, त्यांनी साधा साबण बेताने वापरावा.

आपल्याकडे संत्र्याच्या साली उकिरड्यावर जातात. गूळ १ भाग, साली ३ भाग, पाणी १० भाग असे प्लॅस्टिकच्या डब्यात, वर थोडी जागा सोडून भरावे. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा, नाहीतर डबा फुटायचा. काचेची बरणी घेऊ नये. ३ महिन्यांनी गाळून, पाण्यात मिसळून फरशी-मोरी धुवावी. ऊस पिकविणाऱ्याला गुळाचे मोल आम्ही काय सांगावे?

पण जुने ते सगळेच सोने, असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याकडेच्या मातीने भांडी घासली तर जंतूच घरात येतात. चुलीत प्लॅस्टिक जाळले असेल तर ती राख भांड्याला लावू नये. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हाताला जखम असताना सारवू नये. संत्र्याचे पाणी मळ काढते, पण रोगजंतू मारील असा भरवसा धरू नये. हगवण-ओकारीची साथ असेल तेव्हा ब्लीचिंग पावडरच पाहिजे. तीत मात्र ॲसिड, लिंबू किंवा हे आंबट पाणी कधीही मिसळू नये. क्लोरिन वायू सुटतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो.

संडासाचेही तसेच. दोन खड्ड्यांच्या संडासात मैला कुजविण्याचे काम सूक्ष्म जीव करतात. ॲसिड-फिनेल ओतत राहिले तर तेच मरतात, मग मैला कुजणार कसा? पाणी, ब्रश आणि थोडा जोर पुरतो. शिवाय ओतलेले सारे जमिनीतच मुरते, आणि आपल्या विहिरीही त्याच जमिनीत आहेत.

सर्वांत कळीची गोष्ट पोरांची. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. शेतातले विष आपण ओळखतो, घरातले ओळखत नाही. औषधाचा रिकामा डबा आणि ॲसिडची सरबताची बाटली, दोन्ही घरातून गेलीच पाहिजेत. तहानलेले पोर रंग बघते, चिठ्ठी वाचत नाही. चुकून ॲसिड पोटात गेलेच तर ओकारी काढू नये. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

शेवटचे पुरुष सभासदांसाठी. बाटली घरात येते ती बाईचे कष्ट वाचतात म्हणून. राख-रिठ्याची शिफारस आपण करायची आणि घासायचे तिने, हे काही शोभत नाही. बाबांनी खराटा दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता, स्वतः धरला होता. ह्या दिवाळीला मोरी आणि संडास पुरुषांनी घासावा, मग बाटली लागते की नाही ते त्यांचे त्यांनीच ठरवावे.