मेंदूविज्ञानाची पदवी : पोटाचा प्रश्न आणि श्रद्धेचा प्रश्न

बारावीचे निकाल जवळ येऊ लागले की घराघरांत पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. डॉक्टर, इंजिनिअर, परिचारिका, बँकेतील नोकरी या परिचित वाटांच्या जोडीला अलीकडे एक नवे नाव तरुणांच्या तोंडी येऊ लागले आहे, ते म्हणजे न्यूरोसायन्स अर्थात मेंदूविज्ञान. हे नाव ऐकताच ख्रिस्ती पालकांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. या पदवीवर पोट भरेल काय? आणि हा अभ्यास करून मुलाची श्रद्धा टिकेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे स्वतंत्रपणे शोधली पाहिजेत.

जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र यांच्या संगमावर हा विषय उभा आहे. त्याची बाल्यावस्था एका उदाहरणावरून ध्यानी येईल. २०२४ साली शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला. त्या इवल्याशा मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी आहेत. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात! तेव्हा आज या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आयुष्यभर पुरेल इतके काम शिल्लक आहे, यात शंका नाही.

परंतु प्रथम व्यवहार पाहू. मेंदूविज्ञानाची पदवी घेतलेला तरुण डॉक्टर होत नाही, तो रुग्णावर उपचार करू शकत नाही. आपल्या देशात मेंदूविकारतज्ज्ञ होण्यासाठी नीट परीक्षा, आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस., तीन वर्षांचे एम.डी. आणि पुढे तीन वर्षांचे डी.एम. असा साडेअकरा वर्षांचा प्रवास करावा लागतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठीही वेगळा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि नोंदणी आवश्यक असते. ज्याला रुग्णसेवाच करायची आहे, त्याने हा फरक प्रवेश घेण्यापूर्वीच जाणून घ्यावा.

ज्याला संशोधनाची ओढ आहे, त्याच्यासाठी मात्र वाट खुली आहे. भारतात या नावाची पदवी क्वचितच आढळते. बहुतेक संशोधक जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र किंवा वैद्यक यांचा पाया घालून मग या विषयाकडे वळतात. पुण्याची आयसर, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे असा पाया घालता येतो. पुढील संशोधनासाठी बंगळुरूची निम्हान्स, हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी उपलब्ध झाली असून, ती किमान ७५ टक्के गुणांनी मिळवणारा विद्यार्थी पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरू शकतो. लंडन वा एडिंबरा येथील विद्यापीठांत थेट मेंदूविज्ञानाची पदवी मिळते, हे खरे. तथापि त्यासाठी घरदार गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी ध्यानात घ्यावे, की त्या पदवीनंतरही संशोधक होण्यासाठी अनेक वर्षे शिकावे लागते. कर्जाचा हिशेब पहिल्या पदवीपुरता करून चालणार नाही.

आता श्रद्धेचा प्रश्न. प्रेम, प्रार्थना, पश्चात्ताप हा सारा मेंदूतील रसायनांचा खेळ आहे, असे काही जण ठासून सांगतात. तरुण मन अशा विधानांनी गोंधळते. प्रार्थनेच्या वेळी मेंदूचा कोणता भाग कार्यरत होतो हे यंत्र दाखवू शकते; ती प्रार्थना कोणाला अर्पण केली आहे आणि तो ती ऐकतो की नाही, हे यंत्राच्या कक्षेबाहेरचे आहे. शिवाय कॅथोलिक ख्रिस्तसभा आत्म्याला कवटीत दडलेला पाहुणा मानीत नाही. आत्मा व शरीर मिळून एकच मानवी स्वभाव घडतो, अशी तिची शिकवण आहे. म्हणून मेंदूला इजा झाली की स्मृती आणि वाणी ढळते, या शोधाने तिच्या शिकवणीला तडा जात नाही.

इतिहासही हेच सांगतो. निकोलस स्टेनो यांनी १६६५ साली पॅरिस येथे मेंदूच्या रचनेवर व्याख्यान देऊन, देकार्तने केलेले मेंदूचे वर्णन प्रत्यक्ष विच्छेदनाशी जुळत नाही, हे दाखवून दिले. १६६७ साली त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. पुढे ते धर्मगुरू व बिशप झाले आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. चेतापेशींवरील संशोधनासाठी १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे सर जॉन एक्लस हे पोंटिफिकल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचे सदस्य होते. त्यांच्याच पुढाकाराने १९६४ साली व्हॅटिकनमध्ये मेंदू आणि जाणीव या विषयावर शास्त्रज्ञांचे अभ्याससत्र भरले होते.

खरी चिंता वेगळीच आहे. या क्षेत्रात आपली माणसे नसतील, तर तेथील निर्णय आपल्यावाचून होतील. अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या कुटुंबाला डॉक्टर सांगतात, मेंदू मृत झाला आहे, अवयवदान कराल का? भारतात १९९४ च्या कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली. मृत्यूचा क्षण ठरवणे हे वैद्यकाचे काम आहे, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते. तर काटेकोरपणे पारखलेला मेंदूमृत्यूचा निकष ख्रिस्ती मानवविचाराशी विसंगत दिसत नाही, असे जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली सांगितले. परंतु त्या हतबल कुटुंबाला हे समजावून सांगणार कोण? मेंदूतील संदेश यंत्राने टिपण्याचे तंत्रही आता झपाट्याने वाढत आहे. चिली देशाने मेंदूतील माहितीच्या रक्षणासाठी २०२१ साली राज्यघटनेत दुरुस्ती केली. आणि आपल्या गावांत आजही फेफरे आलेल्या मुलाला बाहेरची बाधा समजून लपवले जाते, स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला चक्रम म्हटले जाते. अशा ठिकाणी विज्ञान जाणणारा श्रद्धावंत तरुण म्हणजे मोठा आधार होय.

म्हणून पालकांनी मुलाला तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात : तुला उपचार करायचे आहेत की संशोधन? दहा वर्षे शिकत राहण्याची तयारी आहे काय? आणि आपल्या घराला ते झेपेल काय? उत्तरे प्रामाणिक असतील, तर श्रद्धेच्या भीतीपोटी त्याची वाट अडवू नये. धर्मग्रामांतील मार्गदर्शन शिबिरांतही डॉक्टर व इंजिनिअर यांच्या बरोबरीने एखाद्या संशोधकाला बोलवावे. परमेश्वराने दिलेल्या बुद्धीचा शोध घेणे हीदेखील त्याच्या निर्मितीला दिलेली मानवंदनाच आहे.