दंडाचा आकडा सोडा, प्रोटोकॉलचं बोला

"युरोपला स्वतःला काही बनवता येत नाही, म्हणून ते अमेरिकन कंपन्यांकडून दंड उकळतात." आपल्या आयटीवाल्यांकडून हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. ऐकायला झकास आहे, पण आतून पोकळ.

मंडळी, युरोपीय संघाच्या करारातलं कलम १०२ मोठं होण्याला हरकत घेतच नाही. चांगला माल बनवा, बाजार काबीज करा, कोण अडवतंय? हरकत आहे ती त्या बळावर दुसऱ्याची वाट अडवण्याला.

मायक्रोसॉफ्टचंच बघा. २००४ साली युरोपीय आयोगाने ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोकला आणि सगळे मथळे त्या आकड्याचे झाले. पण खरी गंमत निकालातल्या दोन आदेशांत होती. एक, मीडिया प्लेयर नसलेली विंडोजही विका. दोन, इतरांचे सर्व्हर विंडोजशी नीट बोलू शकतील एवढी माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्या.

पहिला आदेश साफ फसला. किंमत तीच, मग बिनप्लेयरची विंडोज घेणार कोण? दुसऱ्याने मात्र काम केलं. लिनक्सला विंडोजच्या नेटवर्कात फायली आणि प्रिंटर शेअर करू देणारं साम्बा आठवतं ना? ते लिहिणारे लोक वर्षानुवर्षं नेटवर्कवरची पॅकेट्स चिवडून प्रोटोकॉल ओळखत बसले होते. सप्टेंबर २००७ मध्ये कंपनी कोर्टात मुख्य मुद्द्यांवर हरली आणि डिसेंबरात, एकरकमी १० हजार युरो भरल्यावर, ती कागदपत्रं साम्बाला मिळाली. कोट्यवधींच्या दंडाने जे साधलं नाही ते या कागदांनी साधलं!

त्या दंडातला छदामही तक्रारदाराला मिळत नाही बरं का. तो जातो संघाच्या अंदाजपत्रकात. बड्या कंपनीला तो धंद्याचा खर्च वाटला तर नवल काय?

युरोपवर टीका करायचीच तर ती दिरंगाईवर करा. सन कंपनीची तक्रार १९९८ची, कागदपत्रं २००७ला. गूगल शॉपिंगचा दंड २०१७चा, त्यावर शेवटची मोहोर २०२४ला. एवढ्या काळात छोटी कंपनी तग धरेल? म्हणूनच मार्च २०२४ पासून बड्यांना लागू झालेला डिजिटल मार्केट्स ॲक्ट मला योग्य वाटतो. काय करायचं आणि काय नाही, हे तो आधीच सांगतो. उदाहरणार्थ, दुसऱ्या मेसेंजरने मागणी केली तर व्हॉट्सॲपला जोडणी द्यावी लागते. अंमलबजावणीत खोट असेल तर जरूर झोडपा. पण "नियमच नकोत" हे म्हणणं आपल्या तोंडी शोभत नाही. आपल्यापैकी किती जणांचा पगार कुणा दुसऱ्याच्या एपीआयवर चालतो? तो उद्या बंद केला तर दाद कुठे मागणार?

तेव्हा पुढच्या वेळी दंडाची बातमी आली की आकड्यावर हसू किंवा टाळ्या वाजवू नका. खाली वाचा. कुठलं दार उघडायला लावलंय, आणि किती वर्षांनी?