जोड्या लावण्याची घाई

मुलगा हैदराबादेस नोकरीस लागून तिघाचौघांच्या बिऱ्हाडात राहू लागला, की आमच्या मंचेरियलातील मराठी घरांतून पहिली पृच्छा होते: तेथे मुली आहेत काय? आजारपणात पेज कोण करून देतो, हे कोणी विचारीत नाही. पुष्कळसे मालिकाकारही यापलीकडे जात नाहीत. जोड्या लागल्यावाचून गोडी नाही, असे ते मानतात. आम्हांस हे मुळीच मान्य नाही.

झी मराठीवरील ‘दिल दोस्ती दुनियादारी’त (२०१५-१६) संसार मोडलेल्या रेशमाला मुंबईच्या घरात आधी सोबती मिळाले. तेथे सहाजणांची ओळख पटली ती स्वभावांवरून.

प्रेमास आमचा विरोध नाही. अमेरिकेच्या ‘फ्रेंड्स’मध्ये (१९९४-२००४) मोनिका व चँडलर चार पर्वे निव्वळ स्नेही होते. त्याच्या थट्टेमागचे भय, तिचा टापटिपीचा हट्ट आपण जाणून होतो. म्हणून १९९८ साली ती जवळ आली ते पटले, २००१ मधील लग्नही पटले. रॉस व रेचेल यांची मात्र ताटातूट नि मनधरणी किती लांबवावी! दहाव्या पर्वाच्या अखेरीस ती एकत्र आली, तेव्हा आम्हांस आनंदापेक्षा सुटल्यासारखेच वाटले.