नक्षी लिहिणाऱ्या हातांचे मोल

हंगेरीच्या ईशान्येला, ब्युक डोंगरांच्या दक्षिणेस मेझोकोवेश्द हे छोटे शहर वसले आहे. तिथल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या मात्यो समाजाच्या भरतकामाला युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. वारसा म्हटला की त्याचा जुनेपणा आणि शुद्धता जपावी, त्याला बाजाराचा वारा लागू देऊ नये, असे आपण धरून चालतो. मेझोकोवेश्दचा इतिहास या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो. करणाऱ्या हातांना मोल मिळते तोवरच वारसा जिवंत राहतो, असे तो सांगतो.

लाल गुलाबांनी दाटलेली ही नक्षी फार प्राचीन नाही. ती बहरली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कारखान्यात रंगवलेला धागा हाताशी आल्यावर. १८९६ साली बुडापेस्टच्या सहस्रकोत्सवी प्रदर्शनात ती देशाला दिसली आणि मागणी वाढली. इथली अनेक कुटुंबे भूमिहीन होती. उन्हाळ्यात दूरच्या जमीनदारांच्या शेतांवर मजुरी करायची आणि हिवाळ्यात सुईचा आधार घ्यायचा, असा त्यांचा संसार चाले. कापडावर नक्षी आखणारीला तिथे ‘लिहिणारी बाई’ म्हणतात. आपल्या वारली सुवासिनीही लग्नाचा चौक ‘लिहितात’. मेझोकोवेश्दच्या लिहिणाऱ्यांत सर्वांत नावाजलेली किश यांको बोरी (१८७६–१९५४). आज मात्यो गुलाब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी नक्ष्या तिने रचल्या. तिची प्रतिभा फुलली ती गिऱ्हाईक असलेल्या जगातच.

बाजार कलेला स्वस्त करतो, हा आक्षेप खोटा नाही. दलालांनी भरतकाम करणाऱ्या बायकांना तुटपुंजे पैसे दिले. पुढे यंत्रावरच्या नकलाही आल्या. पण बाजाराऐवजी शुद्धतेचे पहारेकरी नेमून हा प्रश्न सुटत नाही. १९२५ च्या सुमारास पोशाखांवरच्या झगमगत्या टिकल्या-झालरींपायी गरीब घरे कर्जात बुडतात, म्हणून धर्मगुरू आणि गावच्या पुढाऱ्यांनी त्या गोळा करून जाळल्या. काळजी खरी होती, तरी त्या आगीने कुणाची मजुरी वाढली नाही. पोशाख कसा असावा हे वरून ठरले. कष्टाचा दर मात्र पूर्वीसारखा दलालाच्याच हाती राहिला.

म्हणून वारशाच्या नावाने येणारा पैसा आधी कुठे पोहोचतो, ते पाहायला हवे. मेझोकोवेश्दमधल्या हादाश या जुन्या वस्तीतली गवती छपरांची घरे जपणे आवश्यकच आहे, पण घर डागडुजीने उभे राहते. नक्षी लिहायला शिकायची तर पुढच्या पिढीला वर्षे द्यावी लागतात. ती वर्षे तिने द्यावीत असे वाटत असेल, तर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हस्तकामावर करणारीचे नाव असावे आणि तिच्या तासांचा हिशेब किमतीत दिसावा. युनेस्कोच्या यादीने गुलाबाला मान मिळवून दिला. तो गुलाब लिहिणारीचे पोट भरण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्याची आणि शासनाची आहे.