दिवाळ्यानंतरची पत

आपल्याकडे पेढीचे दिवाळे ‘वाजते’. त्या घटनेत गाजावाजा आणि बेअब्रू ही भाषेनेच गृहीत धरलेली आहेत. अमेरिकेचा दृष्टिकोण, निदान कायद्याच्या पुस्तकात तरी, निराळा आहे. प्रामाणिक परंतु दुर्दैवी ऋणकोला जुन्या ओझ्यातून मोकळे करून नव्याने संसार मांडू द्यावा, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1934 सालीच उचलून धरले आणि 1978 च्या दिवाळखोरी संहितेने त्याला आजचे स्वरूप दिले. या संहितेच्या सातव्या प्रकरणाखाली अर्ज करणारा सामान्य पगारदार साधारणतः चार महिन्यांत बहुतेक ऋणांतून सुटतो. पोटगी, अलीकडचे कर आणि बहुतांशी विद्यार्थी-कर्ज तेवढे त्याच्या मानगुटीवर कायम राहते.

कायद्याची क्षमा अशी चार महिन्यांत मिळते; बाजाराची स्मरणशक्ती मात्र दहा वर्षांची आहे. पतविषयक नोंदींसंबंधीच्या 1970 च्या कायद्यानुसार दिवाळखोरीची नोंद दहा वर्षांपर्यंत दाखविता येते. एक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्यांच्या दप्तरातील या नोंदीवरून पतगुणांक ठरतो, आणि त्या गुणांकावर केवळ कर्जच नव्हे, तर भाड्याचे घर आणि अनेक राज्यांत मोटारीच्या विम्याचा हप्तादेखील अवलंबून असतो. तेव्हा न्यायालयातून ‘मुक्त’ होऊन बाहेर पडलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की पत नसताना पत सिद्ध करावयाची कशी?

त्यावर बँकांनी काढलेली तोड म्हणजे अनामत ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड. ग्राहकाने दोनशे किंवा पाचशे डॉलर बँकेत ठेवावेत आणि बहुधा तेवढ्याच मर्यादेत उधारी करावी. थकबाकी झाली, तर बँक अनामतीतून वसुली करते. म्हणजे ग्राहक जवळजवळ स्वतःचाच पैसा उसना घेतो! गंमत अशी, की बिल थकल्यास व्याज मात्र विनातारण कर्जाच्या दराने, सामान्यतः वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक, आकारले जाते. आणि अनामतीवर बहुतेक बँका काहीच व्याज देत नाहीत. जोखीम कमी असेल तर व्याजही कमी असावे, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा धडा येथे कोणी वाचलेला दिसत नाही.

तरीही हे कार्ड निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. सर्वाधिक प्रचलित असलेल्या फायको गुणांकात वेळेवर परतफेडीला सुमारे 35 टक्के वजन आहे आणि देणे किती उरले आहे याला 30 टक्के. पहिल्या बाबतीत हे कार्ड खरोखर उपकारक ठरते. दुसऱ्या बाबतीत अजाण माणूस फसतो. दोनशे डॉलरांच्या कार्डावर त्याने एकशे ऐंशीचा किराणा घेतला आणि बिल मुदतीत पूर्ण भरले, तरी बिल निघण्याच्या दिवशी मर्यादेचा नव्वद टक्के वापर दप्तरी लागतो. बिल निघण्यापूर्वीच पैसे भरावेत, ही साधी युक्ती त्याला बँकेत क्वचितच कोणी सांगते.

पुढची पायरी म्हणजे विनातारण कार्डाकडे बढती. काही बँका सहा-सात महिन्यांनंतर खात्याची तपासणी करून अनामत परत करतात आणि तेच खाते पुढे चालू ठेवतात. खात्याचे वय गुणांकात मोजले जात असल्याने ही बढती मोलाची आहे. काही बँकांत मात्र बढतीची सोयच नसते. तेथे ग्राहकाने अनामत सोडविण्यासाठी खाते बंद करावे आणि नव्या कार्डासाठी दुसऱ्या दारी अर्ज करावा. म्हणजे नवी चौकशी, नवे खाते आणि पुन्हा आरंभापासून वाटचाल. दिवाळखोरीत जिचे देणे बुडाले ती बँक तर आपल्या खासगी वहीत ते नाव कायम ठेवू शकते. दहा वर्षांची मर्यादा त्या वहीला लागू नाही.

वास्तविक असा ग्राहक बँकांना वाटतो तितका धोक्याचा नसतो. सातव्या प्रकरणाखाली सुटलेल्यास त्याच प्रकरणाचा लाभ पुन्हा आठ वर्षे घेता येत नाही, हे सावकारांना पक्के ठाऊक असते. मग बढतीचे निकष गुलदस्तात का? 2009 च्या कायद्याने पहिल्या वर्षातील शुल्काला मर्यादेच्या 25 टक्क्यांचा लगाम घातला. अनामत किती महिन्यांच्या नियमित परतफेडीनंतर सुटेल, हेही अर्जावरच छापणे बँकांवर बंधनकारक करावयास हवे. गरिबाचे दोनशे डॉलर बँकेच्या मर्जीवर अडकून राहणे, याला पतशिक्षण म्हणता येत नाही.

आपल्याकडेही मुदत ठेवीवर कार्डे मिळू लागली आहेत. ठेवीवर व्याज चालू राहते, एवढ्यापुरते आपले ग्राहक सुदैवी. पण थकबाकीवरील व्याज येथेही बहुतेक ठिकाणी दरमहा तीन टक्क्यांच्या आसपास असते. खरा फरक त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. कर्जात बुडालेला भारतीय कारकून बँकेशी तडजोड करतो, तेव्हा पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी तो आडवा येतो. न्यायालयीन मुक्तीची वाट त्याला जवळजवळ नाहीच. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अल्प उत्पन्नाच्या ऋणकोसाठी नव्या सुरुवातीचे स्वतंत्र प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आणि कर्ज 35,000 रुपयांच्या आत असावे, इतक्या तपशिलासह ते लिहिलेले आहे. पण व्यक्तींविषयीचा हा भाग 2019 मध्ये लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. मुंबईच्या सामान्य ऋणकोला आजही 1909 च्या कायद्याचा आधार शोधावा लागतो.