धारगडची धार आणि यात्रेकरूंचे ऋण

श्रावणाचा तिसरा सोमवार जवळ आला की अकोटहून पोपटखेडमार्गे सातपुड्यात शिरणारी वाट 'हर्र बोला महादेव'च्या गजराने दुमदुमू लागते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील भाविक धारगडच्या महादेवाकडे निघतात. डोंगरकड्याच्या कपारीत शिवलिंग आणि वरून कोसळणारा पावसाळी धबधबा, असे हे स्थान. येथे अभिषेकासाठी कलश उचलावा लागत नाही. निसर्गच धार धरून उभा असतो.

हे स्थान मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते. मेळघाटला हा दर्जा १९७४ मध्ये मिळाला आणि २००७ मध्ये सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचे वन वाघांचे अतिसंरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाले. साहजिकच धारगडला मनात येईल तेव्हा जाता येत नाही. यात्रेच्या मोजक्या दिवशीच वाट मोकळी होते आणि तीही नियमांसह. काही भाविकांना यात सरकारी अडवणूक दिसते. 'आमच्या देवाला भेटण्यास परवानगी कशाला?' असा प्रश्न विचारला जातो.

हा प्रश्न भावनेतून आलेला असला, तरी परंपरेशी विसंगत आहे. देवराईतील वाळकी काडीही न तोडण्याचा दंडक या समाजाने कोणत्याही कायद्याच्या आधी स्वतःवर घालून घेतला होता. तीर्थाला जाताना संयम पाळावा, हे वनखात्याने शिकविलेले नाही. त्याने केवळ विस्मृतीत गेलेल्या दंडकाची आठवण करून दिली आहे.

या संयमाचे दुसरे कारण थेट वऱ्हाडाच्या घागरीशी जोडलेले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते खारे असते. अशा गावांना सातपुड्याच्या गोड्या पाण्याचाच आधार. वान नदीवरील हनुमान सागर धरणाचे पाणी अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेडी योजनेतून घरोघरी पोहोचते. श्रावणात अकोल्याचे कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल आणून राजराजेश्वराला अर्पण करतात. ती पूर्णा सातपुड्यातच उगम पावते आणि वान, शहानूर यांसारखे त्याच पर्वताचे प्रवाह तिला मिळतात. डोंगरावरचे वन उघडे पडले, तर पाऊस मुरणार नाही, माती वाहून जाईल आणि खाली धरणे गाळाने भरतील. मग कावडीत काय भरावयाचे?

तथापि, या संरक्षणाची खरी किंमत ना यात्रेकरूंनी मोजली, ना शहरांनी. ती मोजली डोंगरातल्या वनवासी बांधवांनी. धारगड हे केवळ देवस्थान नव्हते, ते नांदते गाव होते. वाघांच्या अधिवासासाठी धारगड, गुल्लरघाट, केलपाणी यांसारख्या गावांनी आपली घरे, शेते आणि पूर्वजांची स्थाने सोडली. कोरकूंच्या लोककथेनुसार त्यांच्या पहिल्या स्त्री-पुरुषांना महादेवानेच मातीतून घडविले. अशा समाजाने महादेवाचा डोंगर सोडून सपाटीवर येणे हा केवळ पत्त्यातील बदल नव्हे. शेतजमीन आणि मूलभूत सोयींची आश्वासने पूर्ण झाली नाहीत, या तक्रारीने पुनर्वसित गावांतील काही रहिवासी पुन्हा जंगलात परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे सुरक्षा दलाशी संघर्ष झाला. ही घटना शासनासाठी जितकी लाजिरवाणी, तितकीच समाजासाठीही आहे.

या पार्श्वभूमीवर यात्रेकडे पाहिले पाहिजे. ज्यांचे गाव होते त्यांनी ते कायमचे सोडले. ज्यांचे नव्हते ते दोन दिवस येतात. या पाहुण्यांनी प्रसादाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि द्रोण कड्याखाली टाकून परतावे, कर्ण्यांनी दरी हादरवावी, धबधब्याखाली मद्याचा धिंगाणा घालावा, हे कोणत्या भक्तीत बसते? गाव सोडण्याइतका त्याग कोणी मागत नाही. सोबत नेलेली पिशवी सोबत परत आणावी, एवढीच अपेक्षा आहे.

हे काम केवळ वनरक्षकांवर सोपवून भागणार नाही. पोपटखेडच्या पायथ्याशी प्रत्येक मंडळाने आपल्या जथ्याचे साहित्य तपासावे, परतीच्या वाटेवर कचरा गोळा करणारी तरुणांची एक तुकडी ठेवावी, कापडी पिशवी आणि धातूचा तांब्या यांची जुनी रीत घराघरांतील मातांनी पुन्हा रुजवावी. आणि यात्रा आटोपल्यावर अकोट-तेल्हारा परिसरातील पुनर्वसित वस्त्यांकडेही पावले वळवावीत. तेथे शाळा चालते का, सातबारा हाती आला का, नळाला पाणी येते का, याची विचारपूस व्हावी आणि गरज पडल्यास त्यांच्यासोबत कचेरीची पायरी चढावी.

महादेवावरची धार निसर्ग अखंड धरील. त्याच्या लेकरांचे ऋण मात्र समाजालाच फेडावे लागेल. त्याशिवाय धारगडची यात्रा पूर्ण झाली, असे म्हणता येणार नाही.